घरचा सर्व्हर आणि नागपूरची आत्या

काका माझ्यावर रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. ते फक्त एवढंच म्हणाले, "असू दे, यंत्र आहे, बिघडायचंच," आणि चहा घ्यायला खाली निघून गेले. त्या वर्षी गणपतीत त्यांनी कॅमेरा बाहेर काढला नाही. तीस वर्षांत पहिल्यांदाच.

ही २०२२ ची गोष्ट. पण आधी आमच्या घराबद्दल थोडं सांगते.

आम्ही काशीचे मराठी. ब्रह्माघाट, दुर्गाघाट, पंचगंगाघाट या भागातल्या गल्ल्यांमध्ये पिढ्यान् पिढ्या राहणारी मराठी घरं आहेत. त्यातलंच एक आमचं. घरात मराठी, उंबरठा ओलांडला की हिंदी आणि भोजपुरी. आमचं मराठी ऐकून पुण्याच्या मावसबहिणी अजून हसतात. माझी आजी वाईची. १९५८ साली लग्न होऊन इथे आली आणि मग इथलीच झाली.

काका बँकेत होते. १९९१ मध्ये त्यांनी व्हीएचएसचा कॅमेरा घेतला आणि तेव्हापासून घरातली एकही मुंज, लग्न, बारसं, मंगळागौर त्यांनी सोडली नाही. मोहल्ल्यातला गणेशोत्सव तर दर वर्षी. पुढे छोट्या मिनी-डीव्ही कॅसेट आल्या. सगळ्या मिळून ९६ कॅसेट, प्रत्येकीवर काकांच्या सुबक अक्षरात तारीख आणि प्रसंग. त्यांचं लाकडी कपाट म्हणजे आमच्या घराचा इतिहास होता.

मी काय केलं

२०२० च्या लॉकडाउनमध्ये मी बी.ए.ला होते. वेळच वेळ होता. काकांच्या जुन्या कॉम्प्युटरला कॅसेट उतरवून घेण्याची सोय होती, म्हणून मी कामाला लागले. हे काम घाईने होत नाही. एक तासाची कॅसेट उतरवायला एक तासच लागतो आणि मिनी-डीव्हीचा एक तास म्हणजे जवळपास १३ जीबी. मी एक २ टीबीची पोर्टेबल हार्ड डिस्क मागवली. नेटाने ४१ कॅसेट उतरवल्या, मग कॉलेज ऑनलाइन सुरू झालं आणि कंटाळाही आला.

गंगेकाठची दमट हवा कॅसेटला मानवत नाही. पुष्कळ कॅसेटच्या फितीवर पांढरी बुरशी आली होती. उतरवून झालेल्या त्या ४१ कॅसेट मी एका पिशवीत भरल्या आणि कबाडीवाल्याला देऊन टाकल्या. काकांना विचारलं होतं. ते म्हणाले, "तू उतरवल्या आहेस ना? मग दे."

२०२२ च्या जूनमध्ये ती हार्ड डिस्क टक्-टक् असा आवाज करू लागली. दोन दिवसांनी आवाजही बंद झाला. दुरुस्तीला दिली, तर आतल्या तबकडीवर ओरखडे पडलेत, काही निघणार नाही, असं उत्तर आलं. ४१ कॅसेटमधला एक मिनिटही हाती लागला नाही.

त्यात २००९ च्या गणपतीची कॅसेट होती. आजी उकडीचे मोदक करते आहे, काका शूट करत आहेत आणि मध्येच आजी कॅमेऱ्याकडे न बघता म्हणते, "ते खोकं ठेव बाजूला आणि नारळ खवून दे." आजी २०१६ मध्ये गेली. तिचा एवढा मोठा, मोकळा, गप्पा मारणारा व्हिडिओ तो एकच होता.

गंमत बघा, उरलेल्या ५५ कॅसेट वाचल्या. का? तर माझ्या आळसामुळे!

मग सर्व्हरचं खूळ

मी चिडून एकच ठरवलं. आता असं काहीतरी करायचं, की एक डिस्क मेली तरी काही जाणार नाही. गूगल फोटोजवर भरवसा ठेवून चालणार नव्हतं. १ जून २०२१ पासून तिथली अमर्याद फुकट साठवण बंद झाली होती. आता १५ जीबी फुकट, पुढे दर महिन्याला पैसे. १५ जीबी म्हणजे काकांची जेमतेम एक कॅसेट! शिवाय घरातल्या नऊ जणांचे फोनमधले फोटो वेगळेच.

तेव्हा मला 'घरगुती फाइल सर्व्हर' हा शब्द कळला. नाव भारदस्त आहे, पण गोष्ट साधी आहे. एक कॉम्प्युटर, त्यात तीन-चार मोठ्या हार्ड डिस्क, आणि तो घरच्या वायफायला जोडलेला. मग घरातला प्रत्येक फोन, लॅपटॉप, टीव्ही त्यातलं सगळं बघू शकतो. स्क्रीन नको, कीबोर्ड नको. एका कोपऱ्यात तो गुपचूप चालू राहतो.

मी इंग्रजी साहित्याची विद्यार्थिनी. स्क्रू-ड्रायव्हर आयुष्यात पहिल्यांदा हातात धरला. एका ऑफिसने काढून टाकलेला जुना कॉम्प्युटर घेतला. त्यात १६ जीबी रॅम घातली. ४ टीबीच्या चार डिस्क घेतल्या, सहा महिन्यांत एकेक करून, कारण माझा पहिला पगार तेवढाच होता. सगळं मिळून पन्नास हजारांच्या आसपास गेले. ट्रूनॅस नावाची फुकट मिळणारी सिस्टीम टाकली. टीव्हीवर बघण्यासाठी जेलीफिन, तेही फुकट.

डिस्क घेताना एक गोष्ट शिकले, ती तुम्हालाही उपयोगी पडेल. हार्ड डिस्कमध्ये सीएमआर आणि एसएमआर असे दोन प्रकार असतात. एसएमआरमध्ये माहितीच्या पट्ट्या कौलांसारख्या एकमेकींवर थोड्या चढवलेल्या असतात. जागा जास्त मिळते, पण एक पट्टी पुन्हा लिहायची तर शेजारच्याही लिहाव्या लागतात. नुसतं साठवून ठेवायला ती चालते, पण चार डिस्क एकत्र राबणार असतील तर सीएमआरच घ्यावी.

आता चार डिस्क एकत्र कशा राबतात? समजा तीन डिस्कवर ५, ७ आणि ४ हे आकडे लिहिले. चौथीवर त्यांची बेरीज लिहिली, १६. उद्या ७ वाली डिस्क मेली, तरी १६ मधून ५ आणि ४ वजा केले की ७ परत मिळतात. खरं गणित थोडं वेगळं असतं आणि बेरजेचा भाग चारही डिस्कवर वाटलेला असतो, पण युक्ती हीच. याला रेड म्हणतात. पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ या बर्कलीच्या तिघांनी १९८८ मध्ये एका शोधनिबंधात ती मांडली. महागड्या एका डिस्कऐवजी स्वस्त डिस्कांचा समूह वापरा, असा त्यांचा मुद्दा होता. म्हणून माझ्या १६ टीबीपैकी १२ टीबी वापरायला मिळाले. स्क्रीनवर मात्र १०.९ दिसले आणि मी घाबरले. मग कळलं, की डिस्क बनवणारे हजाराच्या पटीत मोजतात आणि कॉम्प्युटर १०२४ च्या पटीत. कुणी काही चोरलं नव्हतं.

खोकं ठेवायचं कुठे, यावर घरात तीन दिवस चर्चा झाली. आई म्हणाली, "खाली जिन्याखाली ठेव." काकांनी लगेच नकार दिला. १९७८ च्या पुरात गंगा ७३.९०१ मीटरपर्यंत चढली होती. इथली धोक्याची पातळी आहे ७१.२६२ मीटर. काका तेव्हा अठरा वर्षांचे होते. तेव्हापासून किमती वस्तू तळमजल्यावर ठेवायची नाही, हा त्यांचा नियम. छताजवळच्या खोलीत मे-जूनमध्ये पंखासुद्धा गरम हवा फेकतो, म्हणून तीही नको. शेवटी काकांनी स्वतःच आपल्या कॅसेटच्या कपाटाचा खालचा कप्पा रिकामा केला आणि हवा खेळावी म्हणून त्याचं दार काढून ठेवलं. पहिल्या मजल्यावरची तीच जागा कायम झाली.

बाकी काशीचे प्रश्न काशीसारखेच. वीज गेली तर डिस्क धाडकन बंद पडू नयेत म्हणून यूपीएस घेतला. आणि माकडं! २०१५ मध्ये इथल्या घाटांवर टाकलेल्या ऑप्टिकल फायबरच्या तारा माकडांनी कुरतडल्याची बातमी जगभर गेली होती. आमच्या छतावरून खाली आणलेली तार त्यांनी महिनाभरात तोडली. आता ती लोखंडी पाइपातून येते. विजेचं म्हणाल, तर माझा सर्व्हर साधारण ५० वॉट खातो, म्हणजे महिन्याला ३६ युनिट.

दुसरी चूक

२०२३ च्या डिसेंबरात सर्व्हर सुरू झाला. उरलेल्या ५५ कॅसेट त्यावर आल्या. फोटो आले. २०२४ च्या फेब्रुवारीत दादाचं लग्न झालं, त्याचं सगळं कच्चं शूटिंग, २१२ जीबी, तेही आलं. मी निर्धास्त झाले. एक डिस्क मेली तर मरू दे!

त्या पावसाळ्यात एका रात्री मी दोनदा साठवलेल्या फाइली काढून टाकत होते. झोप आली होती. एक फोल्डर निवडलं, डिलीट केलं आणि झोपले. सकाळी कळलं, ते दादाच्या लग्नाचं फोल्डर होतं. आणि दुसरं फोल्डर, जे मी 'मूळ' समजत होते, ते रिकामं होतं.

चार डिस्क होत्या ना? होत्या. पण रेडला काय कळतं? मी 'पुसा' म्हटलं, त्याने चारही डिस्कवरून इमानदारीत पुसलं. डिस्क मेली तर रेड वाचवतं. माणूस चुकला, व्हायरस आला, घरात पाणी शिरलं, चोरी झाली, तर रेड काही करत नाही. आता मला कळतं, की रेड म्हणजे बॅकअप नव्हे. तेव्हा हे कळायला लग्नाचं फोल्डर जावं लागलं.

मी रडत वहिनीला फोन केला. ती म्हणाली, "अगं, थांब. अल्बम करायला म्हणून मी सगळं लॅपटॉपवर घेतलं होतं. अजून काढलं नाहीये."

पुढे मी वाचलं, की असंच पिक्सारमध्ये घडलं होतं. १९९८ मध्ये 'टॉय स्टोरी २' बनत असताना कुणीतरी चुकीची आज्ञा दिली आणि चित्रपटाच्या फाइली भराभर नाहीशा होऊ लागल्या. बॅकअप होता, पण तो नीट चालतच नव्हता आणि ते कुणी तपासलं नव्हतं. शेवटी गॅलिन सुसमन यांच्या घरच्या कॉम्प्युटरवर प्रत सापडली. त्यांना बाळ झालं होतं, त्या घरून काम करत होत्या, म्हणून त्यांच्याकडे चित्रपटाची प्रत होती. एवढ्या मोठ्या कंपनीला एका आईच्या घरच्या प्रतीने वाचवलं, आणि मला वहिनीच्या लॅपटॉपने.

खिडकीतून येणारा आवाज

त्याच दिवशी संध्याकाळी बाबांना सगळं सांगत होते. आमच्या मागच्या गल्लीत वेदपाठशाळा आहे. तिथल्या मुलांची संथा रोज खिडकीतून ऐकू येते. बाबा म्हणाले, "ही पोरं काय म्हणताहेत, नीट ऐक."

मी लहानपणापासून ते ऐकते, पण लक्ष कधी दिलं नव्हतं. बाबांनी बोटं मोजून समजावलं. घनपाठात मंत्रातले शब्द सरळ म्हणून चालत नाही. पहिला-दुसरा, दुसरा-पहिला, पहिला-दुसरा-तिसरा, तिसरा-दुसरा-पहिला, पुन्हा पहिला-दुसरा-तिसरा. मग एक शब्द पुढे सरकून तसंच. जटा, माला, शिखा, रेखा, ध्वज, दंड, रथ, घन अशा आठ रीती आहेत. एखादा शब्द गळला, मागेपुढे झाला किंवा स्वर चुकला, की साखळी तिथेच अडते आणि शेजारी बसलेल्याला लगेच कळतं.

माझा सर्व्हरही महिन्यातून एकदा हेच करतो. प्रत्येक फाइल साठवताना तो तिची एक खूणसंख्या काढून ठेवतो. महिन्याने सगळ्या फाइली पुन्हा वाचून ती खूण जुळते का बघतो. जुळली नाही, तर बेरजेवरून दुरुस्त करतो. मला वाटलं होतं, ही युक्ती अमेरिकेतून आली!

मागच्याच वर्षी, २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात, महाराष्ट्रातून आलेल्या १९ वर्षांच्या देवव्रत महेश रेखे यांनी रामघाटाच्या सांगवेद विद्यालयात शुक्ल यजुर्वेदाच्या माध्यंदिन शाखेच्या सुमारे २००० मंत्रांचं दंडक्रम पारायण ५० दिवसांत पूर्ण केलं. तेव्हा आमच्या गल्लीत दुसरा विषय नव्हता. मला मात्र बाबांचं एक वाक्य आठवत होतं. ते म्हणाले होते, "हे पाठांतर एका माणसाच्या डोक्यात कुलूप लावून ठेवलं असतं, तर त्याच्याबरोबर गेलं असतं. ते दुसऱ्याला दिलं, म्हणून राहिलं."

मी माझ्या दोन्ही चुका आठवल्या. दोन्ही वेळा मी सगळं एका जागी गोळा केलं होतं आणि जे वाचलं, ते कुणाकडे तरी गेलेलं होतं.

मग माझ्या डोक्यात आलं, की काका तर नेहमी डीव्हीडी करून पाठवायचे!

नागपूरची आत्या

दुसऱ्या दिवशी मी सगळ्या नातेवाइकांना फोन लावले. नागपूरची आत्या, पुण्याची मावशी, इंदूरचे चुलत आजोबा. "काकांनी कधी काही पाठवलं होतं का?" सगळ्यांनी कपाटं उपसली. पुण्यात चार डीव्हीडी निघाल्या, इंदूरला दोन, आणि आत्याकडे साड्यांच्या खाली, प्लास्टिकच्या पिशवीत नीट गुंडाळलेल्या अकरा. ४१ पैकी १७ प्रसंग परत आले. २४ गेले ते गेलेच. दादाची मुंज त्यातच होती.

आत्याकडच्या अकरांत २००९ चा गणपती होता. त्या वर्षी आत्याचं ऑपरेशन झालं होतं, तिला काशीला येता आलं नव्हतं, म्हणून काकांनी तिच्यासाठी मुद्दाम केलेली ती डीव्हीडी. तिच्यावर ओरखडे होते. १४ मिनिटांपैकी ११ मिनिटं वाचता आली.

आता आमची रीत अशी आहे. सर्व्हरवर एक प्रत. घरातच एका वेगळ्या डिस्कवर दुसरी, जी काम झालं की काढून ठेवायची. आणि तिसरी नागपूरला. जाणकार याला ३-२-१ म्हणतात: तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, एक घराबाहेर. नागपूरची प्रत इंटरनेटवरून पाठवायचा विचार केला होता. आमचं सामान तेव्हा ३ टीबी झालं होतं. २० एमबीपीएसच्या वेगाने ते चढवायला सलग १४ दिवस लागले असते. म्हणून दोन डिस्क ठेवल्या आहेत. काशीहून नागपूरला जाणारा एक घेऊन जातो, येणारा दुसरी घेऊन येतो. आत्या तिला 'गंगाजळी' म्हणते. डिस्कला पासवर्डचं कुलूप आहे, गाडीत हरवली तरी कुणाला काही दिसणार नाही. तो पासवर्ड बाबांच्या डायरीत आणि आत्याच्या पोथीत लिहिलेला आहे, कारण फक्त माझ्या डोक्यात ठेवला तर पुन्हा तीच चूक. कपाटाच्या आतल्या बाजूला एक कागदही चिकटवलाय: सर्व्हर बंद कसा करायचा, चालू कसा करायचा, फाइल परत कशी आणायची. सहा महिन्यांतून एकदा आई तो कागद वाचून एक फाइल परत आणून दाखवते. तिला जमलं तर बॅकअप ठीक.

डिलीट केलेलं काही दिवस परत मिळावं, यासाठी सर्व्हरमध्ये स्नॅपशॉटची सोय असते. ती मी आता सुरू केली आहे. तुम्ही पहिल्याच दिवशी करा.

सगळ्यांनी सर्व्हर बांधावा, असं मी म्हणत नाही. आमच्याकडे तीस वर्षांचे व्हिडिओ आहेत, म्हणून तो लागला. तुमच्याकडे फोनमधले फोटोच असतील, तर दोन पोर्टेबल डिस्क पुरतात. एक घरी ठेवा आणि एक ज्यांच्याकडे दिवाळीला जाता त्यांच्याकडे. आणि एक विनंती. कॅसेट उतरवून झाली, म्हणून मूळ कॅसेट लगेच टाकू नका. प्रत दुसऱ्या घरी पोहोचेपर्यंत तरी थांबा.

गेल्या गणपतीत आम्ही सगळे टीव्हीसमोर बसून आजीचा तो व्हिडिओ पाहिला. नागपूरची आत्याही आली होती. आजीने काकांना नारळ खवायला सांगितलं, आम्ही हसलो. मग ती म्हणाली, "वाफ येऊ लागली की मग..." आणि चित्र थांबलं. तिथून पुढची तीन मिनिटं गेलेली आहेत.

"मग झाकण उघडायचं नाही, पंधरा मिनिटं," काकू स्वयंपाकघरातून म्हणाली. तिला आजीनेच शिकवलं होतं.

काका उठले. मला वाटलं, पुन्हा चहाला खाली निघाले. ते कपाटाकडे गेले, कॅमेऱ्याची बॅग काढली आणि काकूच्या मागे जाऊन उभे राहिले. रात्री जेवताना मला म्हणाले, "आजचं उतरवलंस की आत्याबरोबर नागपूरला पाठव हो. ती परवा निघतेय."